‘फी अकिल?’ : सालमियातला आठ आठवड्यांचा अरबी वर्ग, एका स्टाफ नर्सच्या नजरेतून

कुवेतमध्ये नर्सिंग करणाऱ्या आणि ‘अरबीचा क्लास लावू का?’ असं मला ड्युटीवर विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी हे लिहिते आहे. वर्ग सालमियात भरतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी, साडेसहा ते आठ, एकूण दीड-दीड तासाच्या 16 बैठका. फी 60 दिनार, पुस्तकाचे 5 दिनार वेगळे. संस्थेचं नाव देत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे. शिवाय माझा सगळा अनुभव तिथे कोण शिकवतं यावर अवलंबून होता, पाटीवर काय लिहिलं आहे यावर नाही.

क्लास का लावला ते आधी सांगते. त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

मागच्या वर्षी हिवाळ्यात सर्जिकल वॉर्डात सकाळपाळीला होते. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी सत्तरीतली एक कुवेती आजी पहिल्या लिस्टला होती. थिएटरला पाठवण्याआधीची चेकलिस्ट माझ्या हातात. रात्रीपासून उपाशी आहे का, हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मी नेहमीसारखं विचारलं, “मामा, इंता फी अकिल?” (वयस्कर बाईला आम्ही इथे ‘मामा’ म्हणतो.) तिने हात हलवला, “माफी, माफी.” म्हणजे नाही, नाही. मी खूण केली आणि ट्रॉली गेली. थिएटरच्या दाराशी भूलतज्ज्ञांनी तोच प्रश्न त्यांच्या अरबीत विचारला. आजी म्हणाली, पहाटेच्या नमाजानंतर तीन खजूर खाल्ले आणि दुधाचा चहा घेतला.

ऑपरेशन पुढे ढकललं. तिला काही इजा झाली नाही, पण भरल्या पोटी भूल दिली तर काय होऊ शकतं हे कुठल्याही नर्सला सांगावं लागत नाही. मला विचारायचं होतं, ‘तुम्ही काही खाल्लंय का?’ तिने ऐकलं, ‘तुमच्याकडे खायला काही आहे का?’ पिशवीत खायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती म्हणाली, नाही. ती खोटं बोलली नव्हती. मीही निष्काळजीपणे विचारलं नव्हतं. पण मी ज्या भाषेत विचारलं, त्या भाषेत ‘खाल्लं’ आणि ‘खायला आहे’ यांत फरकच नव्हता.

ही भाषा म्हणजे आपण सगळे इथे जी बोलतो ती. अभ्यासक तिला आखाती पिजिन अरबी म्हणतात. पिजिन म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या माणसांत कामापुरती घडलेली, कोणाचीच मातृभाषा नसलेली बोली. आपण तिला ‘अरबी’च म्हणतो, कारण आपल्याला दुसरी माहीत नसते. मी ती शिकले एका मल्याळी चेचीकडून, म्हणजे ताईकडून, आणि एका बांगलादेशी सफाई कामगार भाईंकडून, पहिल्याच आठवड्यात. फी (आहे), माफी (नाही), सव्वी (कर), खलास, मालूम, बादेन (नंतर), शुवय्या (थोडं, हळू), सीम-सीम (सारखंच), जीब (आण), रूह (जा), शूफ (बघ). एवढ्या भांडवलावर मी आठ वर्षं काढली. आणि खरं सांगते, बरी काढली. दुखतंय का, कुठे दुखतंय, बाथरूमला जायचंय का, सुई टोचणार आहे, थोडंसंच दुखेल, संपलं, हे सगळं त्यात सांगता येतं. “आलम फी? हिनी? शुवय्या शुवय्या? खलास, माफी आलम.” (दुखतंय? इथे? थोडं थोडं? संपलं, आता दुखणार नाही.) या चार शब्दांनी मी किती रात्री किती माणसांना धीर दिला असेल! त्यामुळे तिला कोणी कचरा म्हटलं की मला लागतं.

आणि वर्गात पहिल्याच दिवशी नेमकं तेच झालं. प्रवेशाच्या वेळी तोंडी चाचणी असते, कोणत्या पातळीवर बसवायचं ते ठरवायला. मी पाच मिनिटं धडाधड बोलले. वॉर्ड, घर, बस, पगार, सगळं सांगितलं. समोरच्या गृहस्थांना सगळं समजलं, कारण ते प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते आणि पुढचा प्रश्नही विचारत होते. मग त्यांनी कागदावर शून्य पातळी लिहिली आणि म्हणाले, हे अरबी नाही, हे आधी विसरा. त्याच आठवड्यात विमानातून उतरलेल्या मुलींबरोबर मला बसवलं. पहिल्या पातळीत बसायला माझी काही हरकत नव्हती. मला लिहिता-वाचता येत नव्हतं, क्रियापदं चालवता येत नव्हती. पण ‘विसरा’ या शब्दाने मी त्या रात्री झोपले नाही. ज्या शब्दांवर माझी नोकरी चालली, ते विसरून मी उद्या वॉर्डात काय बोलू?

पहिले तीन आठवडे एक उस्ताद होते. सज्जन, वेळेवर येणारे, अक्षर सुंदर. पुस्तक फुस्हा अरबीचं, म्हणजे कुराणाच्या अरबीवर बेतलेल्या, बातम्यांच्या आणि सरकारी कागदांच्या प्रमाण भाषेचं. हा दरवाजा आहे, ही खिडकी आहे, विमानतळ कुठे आहे. माझ्या वॉर्डात असं कोणीच बोलत नाही. पुस्तकातली कोंबडी ‘दजाजा’, कुवेती माणसाच्या तोंडी ती ‘दियाया’. पुस्तकातलं ‘आता’ म्हणजे ‘अल-आन’, माझ्या पेशंटचं ‘अल्हीन’. पुस्तकात हृदय ‘कल्ब’, त्यातला क घशाच्या तळातून काढायचा. आमच्यापैकी कोणालाच तो जमेना आणि साधा क काढला की ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा होतो. उस्ताद दर वेळी थांबवून दुरुस्त करायचे. पुढे कळलं की कुवेतीत हृदय ‘गल्ब’ आणि कुत्रा ‘चल्ब’. म्हणजे ज्या घोळावर आमचा अर्धा तास गेला, तो इथल्या बोलीत होतच नाही.

तरीही या तीन आठवड्यांची एक कमाई मान्य करते : अक्षरओळख. आता औषधाच्या खोक्यावरचं ‘जेवणाआधी’ आणि ‘जेवणानंतर’ मला अरबीत वाचता येतं. संमतीपत्राचा मथळा वाचता येतो. आठ वर्षं ज्या लिपीच्या गर्दीतून मी रोज बसने गेले, त्या पाट्या एकेक करून बोलायला लागल्या. नुसत्या यासाठीही कोणी 60 दिनार दिले तर मी हसणार नाही.

चौथ्या आठवड्यात उस्ताद रजेवर गेले आणि आमच्या अबला आल्या. (नव्या मुलींसाठी : इथे शिक्षिकेला ‘अबला’ म्हणतात. मराठी कानाला पहिल्यांदा दचकायला होतं, पण तो मानाचा शब्द आहे.) घराणं लेबनॉनचं, जन्म आणि वाढ कुवेतची. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाल्या, कामावर तुम्ही आज जे जे बोललात ते जसंच्या तसं सांगा, मी फळ्यावर लिहिते. आम्ही घाबरत सांगितलं. “सव्वी नदीफ.” “मुदीर माफी, बादेन जीब.” (साहेब नाहीत, नंतर आणा.) “हादा बैत माल आना.” “आना फी कलाम हुवा.” (मी त्याच्याशी बोलले.) फळा भरला. मग त्या म्हणाल्या, यात कोणालाही शिकवावं न लागता तुम्ही सगळे सारखेच नियम पाळता आहात, ते आधी बघू.

त्या दीड तासाने माझे पैसे वसूल झाले.

‘सव्वी’ घ्या. अरबीत याचा अर्थ ‘कर’. पिजिनमध्ये कुठल्याही शब्दाला सव्वी लावलं की क्रियापद तयार : सव्वी तेलिफून, सव्वी साइन, सव्वी नदीफ. खऱ्या अरबीत यांतल्या बहुतेकांसाठी स्वतंत्र क्रियापदं आहेत. मग आपल्याला हे इतकं सोपं का वाटतं? आपण फोन करतो, सही करतो, साफ करतो, म्हणून. हिंदी, उर्दू, बंगाली बोलणारेही तेच करतात. ‘माल’ म्हणजे ‘चा, ची, चे’ : बैत माल आना, माझं घर. हा माल आखाती अरबीतलाच, आणि आपल्या मराठीतला माल, मालमत्ता हेही त्याच अरबी शब्दाचं गोत. ‘खलास’ आणि ‘मालूम’ तर आपण विमानात बसण्याआधीपासून बोलत होतो. शिवाय रस्ता विचारला की कुवेती माणूससुद्धा ‘सीदा’ म्हणतो, म्हणजे सरळ. त्यांच्या जुन्या बोलीतली स्टोव्हसाठीची ‘चूला’ आणि पैशांची ‘तिजूरी’ आपल्याच किनाऱ्यावरून गेलेली. 1961 पर्यंत इथे भारताचा रुपया चालायचा. शेवटची दोन वर्षं रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा छापलेला. म्हणजे शब्दांची ही देवघेव तेलाच्या आधीची आहे. पिजिन नंतर त्याच वाटेने आली, माणसं मात्र कितीतरी पटींनी वाढली. आज कुवेतमध्ये राहणाऱ्या दर तीन माणसांमागे सुमारे दोन परदेशी आहेत.

मग अबलांनी आम्हाला विचारलं, कुवेती माणसं आपसात ‘माफी’ म्हणताना कधी ऐकलंत? आम्ही आठवू लागलो. कोणालाच आठवेना. कुवेती आपसात ‘अकू’ आणि ‘माकू’ म्हणतात : आहे, नाही. फी आणि माफी ते आमच्यासाठी वापरतात. समोर परदेशी चेहरा दिसला की ते स्वतःची भाषा बाजूला ठेवून ही मधली भाषा काढतात, आम्हाला समजावं म्हणून. आम्हीही तीच बोलतो, त्यांना समजावं म्हणून. दोन्ही बाजू एकमेकींसाठी वाकतात आणि त्यामुळे मला आठ वर्षांत खरी कुवेती कानावर पडलीच नाही. माझ्या त्या पेशंट आजीनेही मला ‘माकू’ म्हटलं नाही. माझ्यासाठी ‘माफी’ म्हटलं. तिचा तो शब्द चांगुलपणाचा होता, हे मला त्या दिवशी फळ्यासमोर उमगलं.

दुसरी गोष्ट जास्त टोचली. तुमची क्रियापदं बघा, अबला म्हणाल्या : जीब, रूह, शूफ. आण, जा, बघ. सगळे हुकूम. पुरुषाला दिलेले हुकूम. कारण आखातात ही बोली घडली ती बांधकामावर, दुकानात, गोदामात, आणि तिथे अरबी कानावर पडायचं ते आज्ञेच्या रूपात. त्यांनी सांगितलं की बैरूतमध्ये त्यांच्या नात्यातल्या एका घरी श्रीलंकेची बाई कामाला होती. ती पुरुषांशी बोलतानाही ‘रूही’, ‘जीबी’ अशी स्त्रीलिंगी रूपं वापरायची. घरातली मालकीण तिला जे हुकूम द्यायची ते स्त्रीलिंगी, आणि तिच्यासाठी अरबी म्हणजे तेवढंच. लेबनॉनमधल्या या बोलीला अभ्यासकांनी ‘पिजिन मादाम’ असं नाव दिलं आहे. सांगताना अबलांचा आवाज बदलला. म्हणाल्या, आम्ही लहानपणी तिची नक्कल करून हसायचो.

मी माझ्या ‘रूह’बद्दल विचार करत बसले. आजारी बाईला मी रोज ‘हमाम रूह?’ (बाथरूमला जायचंय?) विचारते. माझ्या मनात तो प्रश्न असतो. तिच्या कानावर ‘जा’ पडतं. तेही पुरुषाला म्हणतात तसं.

वर्गात आम्ही 11 जण होतो. पाच नर्स, दोन फिलिपिनो सेल्सगर्ल, एक नेपाळी ड्रायव्हर, दोन नवीन मुली आणि केनियाचा एक सुरक्षारक्षक. त्या रक्षकाला उस्तादांनी सगळ्यात जास्त टोकलं होतं, कारण तो बोलायचा ते अरबीसारखं वाटायचं आणि प्रत्येक शब्द ‘चुकीचा’ असायचा. अबलांनी त्याला विचारलं, तू हे कुवेतमध्ये शिकलास का? तो म्हणाला, नाही, ही माझ्या आईची भाषा आहे. तो नैरोबीच्या किबेराचा, नूबी समाजाचा. किबेरा हे नावही त्यांच्याच भाषेतल्या ‘किब्रा’वरून आलं, म्हणजे जंगल.

त्याने जे सांगितलं ते मी नंतर घरी जाऊन वाचलंही. एकोणिसाव्या शतकात इजिप्तच्या फौजेने सुदान घेतला, तेव्हा दक्षिणेतल्या वेगवेगळ्या जमातींची माणसं, कित्येक तर गुलाम म्हणून पकडलेली, सैन्यात भरली गेली. छावणीत प्रत्येकाची भाषा वेगळी आणि हुकूम अरबीत. म्हणजे तिथेही आधी आमच्यासारखीच बोली झाली, जीब-रूहची. 1881 नंतर सुदानमधला धार्मिक नेता महदी याच्या उठावाने या दक्षिणेतल्या तुकड्यांचा उत्तरेशी संबंध तुटला. 1891 मध्ये लुगार्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांतल्या बऱ्याच जणांना कुटुंबांसकट युगांडात नेलं, पुढे त्यांतले काही केनियात आले. सैनिकांबरोबर बायका होत्या, छावणीत मुलं जन्मली, आणि त्या मुलांना आईबापांकडून हीच भाषा मिळाली. दक्षिण सुदानमध्ये जी जुबा अरबी बोलतात ती त्याच मुळाची.

अबलांनी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हणाल्या, ‘खाणे’ तुझ्या भाषेत लिही. त्याने रोमन अक्षरांत लिहिलं, आम्ही वाचलं :

आना आकुलु. मी खाल्लं.
आना गी आकुलु. मी खाते आहे.
आना बी आकुलु. मी खाईन.

मी वहीवरचं पेन खाली ठेवलं. माझी चेकलिस्ट फळ्यावर लिहिलेली होती. ज्या फरकाअभावी माझी आजी भरल्या पोटी थिएटरच्या दारापर्यंत गेली, तो फरक याच्या भाषेत होता, स्पष्ट, एकेका अक्षराचा. अगदी माझ्या बोलीसारख्याच बोलीतून सुरू झालेली भाषा, पण तिच्यात मुलं वाढली. त्यांना आईला सांगायचं होतं, मी जेवलो, मी जेवतोय, मी नंतर जेवेन. त्यांनी ते सांगायची सोय करून घेतली. आमच्या पिजिनला ते भाग्य मिळालं नाही. इथे बहुतेक कामगार एकटे येतात, कुटुंब आणायला पगाराची अट असते, करार संपला की परत जातात. आमच्या बोलीत कोणी अंगाई गात नाही. म्हणून ती आहे तिथेच राहिली, प्रत्येक नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात शिकायची.

अबलांनी त्याच्या तीन ओळींशेजारी कुवेतीतल्या तीन लिहिल्या. ‘कलेत’, मी खाल्लं. ‘गाइदा आकिल’, मी खाते आहे, बाई बोलत असेल तर. ‘बाकिल’, मी खाईन. ‘बी आकुलु’ आणि ‘बाकिल’ शेजारी शेजारी. तो ब दोन्हीकडे भविष्याचं काम करतोय हे कोणी सांगायची गरज पडली नाही. आणि ‘गाइदा’चा शब्दशः अर्थ ‘बसलेली’. खात बसले आहे! मी मोठ्याने म्हणाले, हे तर माझ्या भाषेत असंच म्हणतात. अबलांनी ते वाक्य मराठीत म्हणायला लावलं आणि सगळ्या वर्गाने माझ्यामागून म्हटलं, फिलिपिनो मुलींसकट.

केनियाच्या त्या मुलाला उस्तादांच्या तासाला मान खाली घालून बसलेला पाहिला होता. त्या दिवशी तो फळ्यापाशी जवळजवळ अर्धा तास उभा होता.

उरलेले आठवडे अबलांनीच घेतले. पद्धत एकच : आमचं वाक्य, ते कुठे फसू शकतं आणि कुवेती माणूस ते कसं म्हणेल. सगळं बदलायचा हट्ट नाही. ‘दवा’ला ‘दवा’च, ‘खलास’ला ‘खलास’च. जिथे चुकीचा अर्थ जाऊन नुकसान होईल तिथेच जोर. काळ, लिंग, आणि कोणी कोणाला काय केलं. बाईला ‘इंता’ नाही, ‘इंती’. वयस्कर बाईला सरसकट ‘मामा’ म्हणण्यापेक्षा ‘खाल्ती’, म्हणजे मावशी. ‘यम्मा’ म्हटलं तर आणखी मायेचं. ‘आलम फी?’ऐवजी ‘शिनू यअव्वरिच?’, तुला काय दुखतंय. शेवटचा ‘च’ बाईसाठी. आपल्याला च सहज येतो, फिलिपिनो मुलींनाही आला, फक्त तो लावायची आठवण राहिली पाहिजे. मी ‘शलोनिच’ (कशा आहात) म्हणत म्हणत आठवडाभर बसस्टॉपवर उभी राहायचे.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. पुस्तक बदललं पाहिजे. अबलांनी ते बाजूला ठेवलं म्हणून निभावलं, दुसऱ्या तुकडीला ते पूर्ण शिकवतात असं ऐकलं. ऐकायला काहीही देत नाहीत, एकही रेकॉर्डिंग नाही. आमची खरी अडचण बोलण्यापेक्षा ऐकण्याची आहे, त्यातही दात पडलेल्या, दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचं ऐकण्याची. तुकडी नऊ-दहाची म्हणतात आणि अकरा घेतात, ते चालेल. पण बदलत्या पाळ्यांमुळे बैठक बुडाली तर ती भरून देत नाहीत. माझ्या तीन बुडाल्या. त्यांनी पैसे परत केले नाहीत, दुसऱ्या तुकडीत बसूही दिलं नाही. कार्यालयात दोनदा अर्ज दिला, उत्तर आलं नाही. आणि फी एकरकमी. मी देऊ शकते. आमच्या वॉर्डातले ते भाई देऊ शकत नाहीत, आणि रात्री तीन वाजता घाबरलेला पेशंट सगळ्यात आधी हाक मारतो ती जवळ झाडत असलेल्या माणसाला. हप्त्याने घेतले असते तर त्यांना मी स्वतः घेऊन गेले असते. खोली, एसी, पाणी, सगळं ठीक.

एक गोष्ट नव्या मुलींनी लक्षात ठेवावी. क्लास झाल्यावर मी उत्साहाने भाईंशी नव्या अरबीत बोलायला गेले. “अल्हीन गाइदा आकिल, बाजी बादेन.” (आत्ता खाते आहे, नंतर येईन.) ते थांबले, काळजीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “सिस्टर, माफी मालूम.” त्यांचं बरोबर होतं. बांगलादेशी, नेपाळी, फिलिपिनो, मल्याळी, इजिप्शियन आणि मी, आमच्या सगळ्यांच्या मध्ये असलेली भाषा पिजिनच आहे. इंग्रजी सगळ्यांना येत नाही, हिंदी सगळ्यांना येत नाही. स्ट्रेचर उचलताना “शुवय्या शुवय्या, सीदा, खलास” हेच लागतं आणि ते सगळ्यांना एका क्षणात कळतं. म्हणून मी ती विसरले नाही आणि कोणी सांगितलं तरी विसरू नका. भाईंशी ती, खाल्तीशी ही.

अभ्यासाच्या जगात या बोलीकडे लक्ष गेलं ते उशिराच. स्मार्ट नावाच्या अभ्यासकाचा आखाती पिजिनवरचा पहिला अहवाल 1990 चा आहे. पुढे ओमान, सौदी, कतार इथे काम झालं. पण मोडून बोललेली अरबी त्याहून फार जुनी आहे. अंदलुसियाचा, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनचा, भूगोलकार अल-बक्री याने अकराव्या शतकातच तशा बोलीतला एक मजकूर लिहून ठेवला आहे. हे अबलांनी शेवटच्या तासाला सांगितलं आणि केनियाच्या मुलाने त्यांना ते नाव वहीत लिहून द्यायला लावलं.

माझी शिफारस अशी. नुकत्याच आलेल्या असाल तर आधी सहा महिने वॉर्डात पिजिन शिका, मग या वर्गाला या. तेव्हा तुमच्याकडे फळ्यावर लिहायला वाक्यं असतील. पाच-सात वर्षं झाली असतील तर लगेच या आणि चाचणीत शून्य मिळालं तर मनाला लावून घेऊ नका. नाव नोंदवण्याआधी कार्यालयात एकच गोष्ट विचारा : कोण शिकवणार? अबला असतील तर पाचपैकी साडेचार. पुस्तकच शिकवणार असतील तर अडीच, तेही लिपीसाठी.

गेल्या महिन्यात पुन्हा एक खाल्ती पहिल्या लिस्टला होती. मी पलंगाशी वाकून विचारलं, “खाल्ती, कलेती शै मिन अल-फजर?” पहाटेपासून काही खाल्लंत? तिने माझ्याकडे नीट बघितलं, मग हळूच म्हणाली, “ई, तम्रा.” हो, एक खजूर. मी चेकलिस्ट खाली ठेवली, डॉक्टरांना फोन लावला आणि तिच्याशेजारी बसले. ती पुढे दहा मिनिटं बोलत होती, भरभर, कुवेतीत, माझ्यासाठी एकही शब्द न मोडता. निम्मं कळलं.

दुसऱ्या पातळीची नोंदणी सप्टेंबरात आहे. अबला घेणार असतील तर मी असेन.